अमेरिकेत नव्या कंपनीची पत शून्यातून कशी उभारावी

अमेरिकेत नोकरीसाठी आलेल्या माणसाला स्वतःच्या क्रेडिट स्कोअरचे महत्त्व वर्षभरात चांगलेच कळते, कारण भाड्याच्या घरापासून गाडीच्या कर्जापर्यंत प्रत्येक गोष्ट त्यावर अडते. कंपनीची पत हा मात्र वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते. ‘एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढा, ईआयएन (कंपनीचा करओळख क्रमांक) घ्या आणि सहा महिन्यांत पन्नास हजार डॉलर उचला’ अशा धर्तीचे सल्ले ऐकून कामाला लागलेल्या अनेकांचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया गेलेले मी पाहिले आहेत. मी स्वतः या प्रक्रियेतून गेलो असल्यामुळे ती ज्या क्रमाने करणे सोयीचे ठरते त्याच क्रमाने येथे मांडली आहे.

आरंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंपनीची पत म्हणजे तिला उधार देणाऱ्यांनी, तिने पैसे कधी आणि किती वेळेवर चुकते केले याबद्दल, पतमापन संस्थांकडे पाठवलेल्या नोंदींचा संग्रह. ती अर्ज करून मिळत नाही आणि विकतही मिळत नाही. म्हणून पुढची प्रत्येक पायरी दोन प्रश्नांशी जोडलेली आहे: आपण वेळेवर पैसे भरल्याची नोंद कोणी पाठवते आहे का, आणि पाठवत असल्यास ती नेमक्या आपल्या कंपनीच्याच खात्यात जाऊन पडते आहे का?

आधी जमवून ठेवायची कागदपत्रे

कामाला लागण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात:

• पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आणि राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स
• सोशल सिक्युरिटी क्रमांक; तो नसल्यास आयटीआयएन, म्हणजे आयआरएस या केंद्रीय करखात्याने दिलेला वैयक्तिक करओळख क्रमांक
• कंपनीसाठी वापरता येईल असा प्रत्यक्ष पत्ता आणि त्याचा पुरावा
• कंपनीच्या नावाचा वेगळा फोन क्रमांक, स्वतःचे डोमेन आणि त्यावरचा ईमेल
• स्वतःचा वैयक्तिक पतअहवाल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांचा
• पहिले काही महिने कंपनीच्या खात्यात राहू देता येईल इतकी रक्कम

वैयक्तिक पतअहवाल या यादीत पाहून काहींना आश्चर्य वाटेल. नव्या कंपनीला स्वतःचा इतिहास नसतो, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षे बँका मालकाकडेच पाहतात. आपल्या अहवालात जुनी थकबाकी किंवा चुकीची नोंद असेल तर ती आधी निस्तरावी.

१. व्हिसा काय करू देतो, ते आधी पाहावे

आपल्यापैकी बरेच जण एच-वन-बी व्हिसावर असतात. या व्हिसावर कंपनीची मालकी असण्यास किंवा तीत गुंतवणूक करण्यास मनाई नाही; मात्र ज्या नोकरीसाठी व्हिसा मिळाला आहे तिच्याबाहेर, स्वतःच्या कंपनीसाठीसुद्धा, काम करता येत नाही. ग्राहकांना बिले पाठवणे आणि पुरवठादारांशी रोजचे व्यवहार करणे हे ‘काम’ या व्याख्येत सहज बसू शकते. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी, ज्या कंपनीत आपली मोठी मालकी आहे तिनेच आपल्यासाठी एच-वन-बीचा अर्ज करण्याची वाट स्पष्ट केली आहे; परंतु कंपनीवर आपले नियंत्रण असेल तर अशा अर्जाची पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ प्रत्येकी जास्तीत जास्त १८ महिन्यांचीच असते. एच-फोर व्हिसावरील जोडीदाराकडे कामाचा परवाना असल्यास त्या व्यक्तीला स्वतःचा व्यवसाय करता येतो. या एका मुद्द्यावर इमिग्रेशनच्या वकिलाची फी वाचवू नये.

२. कंपनीचा प्रकार आणि राज्य निवडावे

एकट्याने, कोणतीही नोंदणी न करता केलेल्या व्यवसायात कायद्याच्या दृष्टीने आपण आणि व्यवसाय एकच असतो, त्यामुळे स्वतंत्र पत उभी राहण्यास जागाच उरत नाही. एलएलसी किंवा कॉर्पोरेशन यांपैकी एक निवडावे लागते. लहान व्यवसायासाठी एलएलसी पुरते. बाहेरच्या गुंतवणूकदारांचे पैसे घ्यायचे असतील तर कॉर्पोरेशन बरे पडते. कर वाचवण्यासाठी ‘एस’ प्रकार (ज्यात कर कंपनीऐवजी थेट भागधारकांवर बसतो) घ्या असा सल्ला कोणी दिल्यास, करकायद्यानुसार अनिवासी परदेशी ठरणारी व्यक्ती त्यात भागधारक असू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. कंपनीत भारतातल्या भावाची किंवा वडिलांची भागीदारी असेल तर हा मुद्दा तेथेच निकालात निघतो.

राज्याच्या बाबतीत ‘डेलावेअर किंवा वायोमिंग’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण ज्याचा व्यवसाय स्वतःच्या राज्यातच चालतो त्याला तो सहसा लागू पडत नाही. परराज्यात स्थापन केलेल्या कंपनीला आपण जिथे प्रत्यक्ष धंदा करतो त्या राज्यातही ‘बाहेरची कंपनी’ म्हणून नोंद करावी लागते आणि दोन्हीकडची वार्षिक देणी मागे लागतात. डेलावेअर एलएलसीकडून दरवर्षी १ जूनपर्यंत ३०० डॉलरचा कर घेते, तर कॅलिफोर्नियात धंदा करणाऱ्या एलएलसीला, ती कोठेही स्थापन झालेली असो, वर्षाला किमान ८०० डॉलर भरावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये नव्या एलएलसीला स्थापनेपासून १२० दिवसांच्या आत दोन वृत्तपत्रांत सलग सहा आठवडे जाहिरात द्यावी लागते, हे तर कित्येकांना गावीही नसते. आपल्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाचे शुल्क आणि वार्षिक अहवालाची तारीख आधीच टिपून ठेवावी, कारण वार्षिक अहवाल चुकला की राज्याच्या नोंदीत कंपनीची स्थिती ‘निष्क्रिय’ दिसू लागते, आणि कर्ज देणारा सर्वप्रथम तीच नोंद उघडून पाहतो.

कागदपत्रांपैकी स्थापनेचा अर्ज राज्याकडे जातो. ऑपरेटिंग ॲग्रीमेंट, म्हणजे मालकी आणि कारभाराचे नियम लिहिलेला अंतर्गत करार, मात्र सहसा कोठेही दाखल करायचे नसते, म्हणून एकटा मालक असलेले लोक ते करतच नाहीत. तरीही ते करून त्यावर सही करून ठेवावे, कारण बँका ते मागतात आणि कंपनी आपल्यापासून वेगळी आहे याचा तो एक लेखी पुरावा असतो.

३. नाव आणि पत्ता एकाच पद्धतीने लिहावा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त घोळ येथेच होतात. पतमापन संस्थांकडे येणाऱ्या नोंदी संगणक नाव, पत्ता आणि फोन क्रमांक जुळवून एकत्र करतो. राज्याच्या नोंदीत कंपनीच्या नावात ‘एलएलसी’च्या आधी स्वल्पविराम आहे, बँकेत तो नाही, पुरवठादाराच्या खात्यात ‘एलएलसी’ हे शब्दच गळले आहेत आणि पत्त्यात कोठे ‘सुइट २०४’ तर कोठे नुसते ‘#२०४’ आहे, अशी स्थिती असेल तर एकाच कंपनीची दोन-तीन अपुरी खाती तयार होऊ शकतात. मग आपण वर्षभर वेळेवर पैसे भरूनही अहवाल कोराच दिसतो. यावर उपाय साधा आहे. राज्याने परत पाठवलेल्या स्थापनेच्या दाखल्यावर नाव ज्या रीतीने छापले आहे तेच अक्षर न् अक्षर प्रमाण मानावे, टपाल खात्याच्या मान्य पद्धतीने पत्ता लिहावा, हे सगळे एका फाइलमध्ये ठेवावे आणि प्रत्येक अर्जात तेथूनच चिकटवावे.

मराठी माणसासाठी येथे आणखी एक खाचखळगा आहे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव मधले नाव म्हणून येते आणि भारतीय पासपोर्टवर ते बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून छापलेले असते. परिणामी सोशल सिक्युरिटी कार्डावर एक, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरे आणि बँकेत तिसरेच रूप तयार होते. लग्नानंतर भारतात नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो. कंपनी काढण्यापूर्वी मालकाच्या नावाचे एक रूप निश्चित करावे, आणि ते सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळणारेच असावे, कारण पुढच्या पायरीवर आयआरएस नेमके तेच पडताळून पाहते.

पत्त्याबाबत आणखी एक सूचना. कंपनीचा रजिस्टर्ड एजंट ज्या पत्त्यावर कायदेशीर कागद स्वीकारतो तो पत्ता त्याच राज्यातला आणि प्रत्यक्ष जागेचा असावा लागतो, तेथे पोस्टाची पेटी चालत नाही. मात्र एजंटचे काम करणाऱ्या कंपनीचा पत्ता आपण आपल्या व्यवसायाचा पत्ता म्हणून देऊ नये. शेकडो कंपन्या त्याच पत्त्यावर नोंदलेल्या असतात आणि बँकेला ते लगेच दिसते. घरातून व्यवसाय चालत असेल आणि भाडेकरार व स्थानिक नियम त्याला आड येत नसतील, तर घरचा पत्ता देण्यात काहीही कमीपणा नाही.

४. ईआयएन घ्यावा

ईआयएन हा नऊ अंकी क्रमांक आयआरएस विनाशुल्क देते. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नसते, एवढी खूणगाठ बांधावी. कंपनीची राज्यातली स्थापना पूर्ण झाल्यावरच अर्ज करावा. जबाबदार व्यक्तीकडे, म्हणजे कंपनीवर प्रत्यक्ष नियंत्रण असलेल्या व्यक्तीकडे, सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा आयटीआयएन असल्यास ऑनलाइन अर्ज एका बैठकीत होतो आणि क्रमांक लगेच मिळतो. अर्ज अर्धवट ठेवून उठता येत नाही, काही मिनिटे हालचाल झाली नाही तर सगळे पुन्हा भरावे लागते. दोन्हींपैकी कोणताच क्रमांक नसल्यास एसएस-४ हा फॉर्म फॅक्सने किंवा टपालाने पाठवावा लागतो आणि त्याला बराच अधिक वेळ लागतो.

शेवटी मिळणारे सीपी ५७५ हे ईआयएनचे पत्र त्याच क्षणी उतरवून दोन ठिकाणी साठवावे. बँक ते मागते आणि आयआरएस ते पुन्हा देत नाही. हरवल्यास फोन करून १४७-सी हे वेगळे पुष्टिपत्र मागवावे लागते. पुढे जबाबदार व्यक्ती बदलली तर ६० दिवसांच्या आत ८८२२-बी या फॉर्मने कळवणे बंधनकारक आहे.

येथे दोन इशारे. अनिवासी परदेशी व्यक्ती एकटीच मालक असलेल्या एलएलसीला, मालकाशी पैशांची देवघेव झालेली असल्यास, नफा झालेला नसला तरी ५४७२ हा फॉर्म भरावा लागतो आणि तो न भरल्यास दंडच २५,००० डॉलरपासून सुरू होतो. भारतात बसून अमेरिकेत एलएलसी काढणाऱ्यांना हे कोणीतरी ठणकावून सांगण्याची गरज आहे. दुसरा इशारा टपालाचा. कंपनी नोंदल्यावर काही आठवड्यांत सरकारी वाटणारी, शिक्क्यांची आणि ‘तातडीचे’ असे छापलेली पत्रे येऊ लागतात. दाखला, भिंतीवर लावायचे कामगार कायद्याचे फलक किंवा मालकीची माहिती दाखल करणे यांसाठी त्यांत पैसे मागितलेले असतात. यांपैकी बहुतेक खासगी विक्रेते असतात. मालकीची माहिती केंद्रीय अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे देण्याचे बंधन तर अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांवरून मार्च २०२५ मध्ये उठवण्यात आले आहे.

५. बँक खाते उघडावे आणि पैसे वेगळे ठेवावेत

स्थापनेचा दाखला, ईआयएनचे पत्र, ऑपरेटिंग ॲग्रीमेंट आणि ओळखपत्र एवढ्यावर खाते उघडते. केवळ ॲपवर चालणाऱ्या सेवेपेक्षा, शक्य असेल तर, ज्या स्थानिक बँकेत किंवा क्रेडिट युनियनमध्ये पुढे कर्ज मागण्याचा विचार आहे तेथेच पहिले खाते उघडावे, कारण कर्जाच्या वेळी त्या बँकेला आपली उलाढाल स्वतःच्याच नोंदीत दिसते.

कंपनीच्या खात्यातून किराणा भरू नये आणि घरच्या कार्डावर कंपनीचा माल घेऊ नये. मालकाला पैसे हवे असतील तर ते ठरावीक रकमेने, ‘मालकाची उचल’ अशी नोंद करून घ्यावेत. दोन्ही खिसे एक केले की वाद न्यायालयात गेल्यावर कंपनीमुळे मालकाच्या खासगी मालमत्तेला मिळणारे संरक्षक कवच बाजूला सारले जाऊ शकते, आणि कर्ज अधिकाऱ्याला खात्याचा उतारा पाहून धंद्याचा खरा आवाका कळत नाही.

६. पतमापन संस्थांची ओळख करून घ्यावी

कंपन्यांच्या पतनोंदी मुख्यतः डन अँड ब्रॅडस्ट्रीट, एक्स्पेरियन आणि इक्विफॅक्स या तीन संस्था ठेवतात. डन अँड ब्रॅडस्ट्रीटकडे नऊ अंकी डन्स क्रमांक स्वतः मागावा लागतो. तो विनामूल्य मिळतो, थोडा धीर मात्र धरावा लागतो. अर्ज करताना आणि नंतरही सशुल्क योजनांचा आग्रह होतो. या संस्थेच्या पत सुधारण्याच्या सशुल्क योजनांच्या विक्रीबद्दल फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली होती आणि २०२२ मध्ये तिच्यावर आदेश निघाला, हे ठाऊक असले की ‘नाही’ म्हणणे सोपे जाते. सरकारी कंत्राटांसाठी डन्स लागतो हीसुद्धा आता जुनी माहिती झाली. एप्रिल २०२२ पासून केंद्र सरकार त्याऐवजी सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर मोफत मिळणारा स्वतःचा यूईआय क्रमांक वापरते.

डन अँड ब्रॅडस्ट्रीटचा पेडेक्स हा आकडा १ ते १०० असतो आणि तो केवळ पैसे भरण्याच्या वेळेवर ठरतो. मुदतीच्या दिवशी पैसे भरणाऱ्याला ८० मिळतात, मुदतीच्या ३० दिवस आधी भरणाऱ्याला १००, तर सरासरी १५ दिवस उशीर करणारा ७० वर आणि ३० दिवस उशीर करणारा ५० वर येतो. शिवाय रक्कम जितकी मोठी तितके तिचे वजन जास्त. शंभर-शंभर डॉलरची चार बिले आगाऊ भरून तीन हजारांचे एक बिल महिनाभर रखडवले तर त्या चारांचा फारसा उपयोग होत नाही. एकाच पुरवठादाराच्या नोंदीवर हा आकडा निघत नाही.

वैयक्तिक पतनोंदींपेक्षा एक मोठा फरक असा की १९७० च्या ज्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यामुळे आपल्याला स्वतःचा अहवाल मोफत पाहण्याचा आणि चुकीला आव्हान देण्याचा हक्क मिळतो, तो कंपनीच्या अहवालाला लागू होत नाही. कंपनीचा अहवाल कोणीही, आपल्याला न विचारता, विकत घेऊ शकतो. आपले ग्राहक आणि प्रतिस्पर्धीही घेऊ शकतात.

७. पुरवठादारांच्या उधारीपासून सुरुवात करावी

नव्या कंपनीला बँक लगेच उभे करत नाही, पुरवठादार मात्र करतात. माल आज घ्यायचा आणि बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पैसे द्यायचे, या पद्धतीला ‘नेट ३०’ म्हणतात. पॅकिंगचे सामान विकणारी युलाइन, ऑफिसचे सामान विकणारी क्विल आणि औद्योगिक वस्तूंची ग्रेंजर ही नावे नवख्यांसाठीच्या बहुतेक याद्यांमध्ये असतात. तरीही कोणत्याही यादीवर विसंबून राहू नये. खाते उघडण्यापूर्वी त्या पुरवठादाराच्या क्रेडिट विभागाला तीन प्रश्न लेखी विचारावेत: आपण ग्राहकांच्या पेमेंटची नोंद कोणत्या संस्थेकडे पाठवता, किती दिवसांनी पाठवता, आणि ती पाठवण्यासाठी खरेदीची काही किमान रक्कम आहे का? ज्या पुरवठादाराकडून कोठेच नोंद जात नाही त्याच्याकडे दहा वर्षे वेळेवर पैसे भरले तरी बाजारात त्याचा मागमूस राहत नाही. माल चांगला असेल तर त्याच्याकडून जरूर घ्यावा, पण पत उभारण्याच्या हिशेबात त्याला धरू नये.

पहिल्याच खेपेला उधारी नाकारली गेली तर नाउमेद होऊ नये. बरेच पुरवठादार दोन-तीन मागण्या रोखीने पुऱ्या झाल्यावर खाते उधारीवर नेतात. जो माल धंद्याला तसाही लागणार आहे तोच घ्यावा; पत उभी करायची म्हणून कोठाराच्या कोठारे कागद आणि टेप भरून ठेवणे म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार.

आता एका बिलाकडे जवळून पाहू. बिलावर ‘२/१० नेट ३०’ असे छापलेले असते. याचा अर्थ दहा दिवसांत पैसे दिल्यास दोन टक्के सूट, नाहीतर तिसाव्या दिवशी पूर्ण रक्कम. हजार डॉलरच्या बिलावर दहाव्या दिवशी ९८० द्यावे लागतात. सूट सोडून तिसाव्या दिवशी हजार दिले तर ९८० डॉलर वीस दिवस वापरण्यासाठी आपण २० डॉलर मोजले, म्हणजे वार्षिक हिशेबाने सुमारे ३७ टक्के व्याज. खात्यात पैसे असतील तर सूट घ्यावी. त्यात वीस डॉलरही वाचतात आणि पेडेक्सही चढतो. पैसे नसतील तरी तिसावा दिवस चुकवू नये. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते आणि बिल अनेकदा माल हातात पडण्याच्या आधीच निघालेले असते, त्यामुळे कॅलेंडरवर बिलाचीच तारीख घालावी. चेक टपालाने पाठवत असल्यास आठवडाभराची मोकळीक ठेवावी, कारण पुरवठादाराच्या दृष्टीने पैसे पोहोचले तोच दिवस खरा.

मालात खोट निघाली आणि बिलाबद्दल वाद असेल तर पैसे नुसते अडवून बसू नये. वादग्रस्त रक्कम लेखी कळवावी, उरलेली मुदतीत भरावी. तक्रार खरी असली तरी न कळवता अडवलेले बिल नोंदीत ‘उशीर’ म्हणूनच जाते.

‘सभासद व्हा, वर्षाची फी भरा, आम्ही तुमची नोंद पाठवतो’ असे म्हणणारे विक्रेतेही भेटतील. त्यांच्याकडचा माल सहसा अवाच्या सवा किमतीचा असतो आणि त्या नोंदीकडे पाहून मोठे कर्ज देईल असा बँकर निदान मला तरी भेटलेला नाही.

८. व्यवसायाचे क्रेडिट कार्ड घ्यावे

पुरवठादारांची दोन-तीन खाती सुरळीत चालू झाली की कार्डाकडे वळावे. जवळजवळ प्रत्येक बँक लहान कंपनीला कार्ड देताना मालकाची वैयक्तिक हमी घेते. ‘फक्त ईआयएनवर कार्ड’ ही जाहिरात मुख्यतः खात्यात मोठी शिल्लक किंवा गुंतवणूकदारांचा पैसा असलेल्या कंपन्यांपुरती खरी असते. हमी देण्यात गैर काही नाही, फक्त तिची व्याप्ती वाचून द्यावी: कंपनी बुडाली तरी ते देणे आपल्या डोक्यावर राहते.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. हे कार्ड कंपन्यांच्या पतमापन संस्थांकडे नोंद पाठवते का? आणि दर महिन्याची शिल्लक मालकाच्या वैयक्तिक अहवालातही दाखवते का? दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल तर धंद्याच्या मोठ्या खरेदीमुळे घरकर्जाच्या ऐन वेळी आपला स्वतःचा स्कोअर घसरू शकतो. २००९ च्या कार्ड कायद्याने ग्राहकांना व्याजदरवाढीविरुद्ध दिलेले बहुतेक संरक्षण व्यवसायाच्या कार्डाला नसते, म्हणून या कार्डावर बाकी ठेवण्याची सवय लावून घेऊ नये.

९. बँकेचे पहिले कर्ज

दोन वर्षांची करविवरणे हातात आल्यावर बँकेशी बोलण्याला अर्थ येतो. त्याआधी रक्कम हवी असल्यास केंद्र सरकारच्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनच्या मायक्रोलोन योजनेत ५०,००० डॉलरपर्यंत कर्ज असते. ते स्थानिक बिगरनफा संस्थांमार्फत दिले जाते आणि त्या संस्था नवख्या व्यावसायिकाला बँकेपेक्षा जास्त वेळ देतात. अर्ज करण्यापूर्वी आपल्या इमिग्रेशन स्थितीत पात्रता आहे का, हे चालू नियमांवरून विचारून घ्यावे. या प्रशासनाच्या हमीवरील कर्जांत २० टक्के किंवा अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते. त्यामुळे मित्राला प्रेमापोटी २५ टक्के लिहून देण्यापूर्वी, तो या हमीवर सही करील का, हे त्याला विचारावे.

कर देताना नफा जमेल तितका कमी दाखवणे आणि कर्ज मागताना तो भरपूर असल्याचे सांगणे, ही दोन्ही सोंगे एकाच वेळी वठवता येत नाहीत. बँक करविवरणातला आकडाच धरते. कर्ज मागायचे वर्ष ठरलेले असेल तर सीपीएला (सनदी लेखापालाला) ते आधी सांगावे.

सही करण्यापूर्वी करारातील तारणाचा भाग नीट वाचावा. कर्ज देणारा राज्याकडे यूसीसी-१ नावाची नोंद करतो आणि तीत अनेकदा ‘कंपनीची सर्व मालमत्ता’ असे शब्द असतात. ही नोंद पाच वर्षे टिकते, कंपनीच्या पतअहवालात दिसते, आणि ती असेपर्यंत दुसरा कर्जदाता सहसा मागच्या रांगेत उभा राहायला तयार होत नाही. एखादेच यंत्र घेण्यासाठी कर्ज असेल तर तारण त्या यंत्रापुरतेच ठेवण्याचा आग्रह धरावा. कर्ज फिटल्यावर नोंद आपोआप उतरली असेल असे गृहीत न धरता यूसीसी-३ दाखल झाल्याचे राज्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे.

अर्जदार स्वतःच्या बळावर पात्र ठरत असेल तर केवळ पती किंवा पत्नी आहे म्हणून जोडीदाराची सही बँकेला मागता येत नाही. १९७४ च्या समान पतसंधी कायद्याखालील नियम तसे सांगतात. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत. ती हातात आली की पुढे काय सुधारायचे ते अंदाजावर सोडावे लागत नाही.

१०. या वाटांना जाऊ नये

जुनी, धूळ खात पडलेली कंपनी विकत घेऊन ‘आमचा व्यवसाय आठ वर्षांचा आहे’ असे दाखवण्याचा धंदा अमेरिकेत जोरात चालतो. कंपनीचे वय विकत घेता येते, व्यवहारांचा इतिहास नाही, आणि मालकी कधी बदलली हे बँक सहज शोधून काढते. कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा असून त्याला ३० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ‘सीपीएन’ नावाचा नऊ अंकी क्रमांक सोशल सिक्युरिटीऐवजी वापरा, किंवा वैयक्तिक कर्जाच्या अर्जात ईआयएन लिहा, असे सांगणाराही आपल्याला त्याच खड्ड्यात ढकलत असतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला असे प्रकरण किती महागात पडेल हे वेगळे सांगायला नको.

व्यापाऱ्यांना पुढच्या विक्रीपोटी रोख आगाऊ देणाऱ्या कंपन्यांचे फोन, नोंदणी होताच येऊ लागतात. त्या व्याजदर सांगत नाहीत, ‘फॅक्टर’ सांगतात. २०,००० डॉलर घेतले आणि फॅक्टर १.३५ असला तर परत करायचे २७,०००, आणि तेही कामाच्या प्रत्येक दिवशी खात्यातून थेट वळते होऊन. ही परतफेड सहा महिन्यांत झाली तर वार्षिक दर शंभर टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय वेळेवर फेडल्याची नोंद पतमापन संस्थांकडे जाईलच असे नाही, यूसीसीचा बोजा मात्र दिसतो.

११. अहवाल पाहत राहावे

पहिल्या उधारीनंतर तीन-चार महिन्यांनी तिन्ही संस्थांकडील कंपनीचा अहवाल काढावा. थोडे पैसे जातील, पण येथे काटकसर करू नये. आधी ओळखीचा भाग तपासावा: नाव, पत्ता, स्थापनेचे वर्ष, कर्मचाऱ्यांची संख्या आणि उद्योगाचा सहा अंकी एनएआयसीएस संकेतांक. हा संकेतांक चुकून जोखमीच्या समजल्या जाणाऱ्या उद्योगाचा पडला असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा, पण सोयीसाठी खोटा निवडू नये. मग प्रत्येक पुरवठादाराची ओळ आपल्या बिलांशी ताडून पाहावी. एखादी नोंद नसेल तर आधी पुरवठादाराला विचारावे, कारण पतमापन संस्था त्याच्याकडून आलेलीच माहिती छापते. चुकीची असेल तर बिलाची प्रत, पैसे भरल्याचा बँकेचा उतारा आणि राज्याचा स्थापनेचा दाखला जोडून संस्थेकडे हरकत नोंदवावी आणि त्याच दिवशी पुरवठादारालाही तीच कागदपत्रे पाठवावीत. कंपनीच्या अहवालाबाबत ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्याचे कायदेशीर बंधन संस्थेवर नसल्यामुळे हरकतीचा क्रमांक जपून ठेवावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. कर्जाचा अर्ज करायचा असेल तर ही तपासणी किमान तीन महिने आधी उरकावी, म्हणजे दुरुस्ती अहवालात उतरायला वेळ राहतो.